रक्षणकर्त्याची श्रमनिद्रा

ख्रिस्टोफर नोलन यांच्या बॅटमॅन-चित्रत्रयीचा शेवट करणारा ‘द डार्क नाइट राइझेस’ हा चित्रपट २० जुलै २०१२ रोजी प्रदर्शित झाला. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) आणि ‘द डार्क नाइट’ (२००८) यांच्या पाठोपाठ आलेल्या या १६५ मिनिटांच्या चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला, पण त्याच्याविषयी एकमत कधी झाले नाही. दुसऱ्या भागातील हीथ लेजर यांचा खलनायक जोकर इतका गाजला होता, की लेजर यांच्या अकाली निधनानंतर येणाऱ्या भागाची त्याच्याशी तुलना होणे अटळ होते. प्रदर्शनाच्याच रात्री कोलोरॅडो राज्यातील ऑरोरा येथे चित्रपटगृहात गोळीबार होऊन १२ जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखाची सावलीही या चित्रपटावर कायमची पडली.

किरकोळ आक्षेप पुष्कळ होते. खलनायक बेनच्या मुखवट्याआडचे बोलणे नीट कळत नाही. हजारो पोलीस महिनोन्‌महिने भुयारात अडकून राहतात. दूरदेशीच्या विहिरीवजा तुरुंगातून सुटलेला कफल्लक नायक बेनने वेढलेल्या गॉथम शहरात कसा शिरतो, हे कुठेच येत नाही. राजकीय आक्षेप अधिक वजनदार होता. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलन सुरू झाले होते, आणि इथे बेन शेअर बाजारावर हल्ला करून श्रीमंतांना लोकन्यायालयापुढे उभे करतो. विषमतेविरुद्धचा राग चित्रपटाने गुंडांच्या तोंडी घातला, असे अनेकांना वाटले.

खरा वाद शेवटाचा आहे. अणुबॉम्ब आपल्या विमानाला टांगून बॅटमॅन समुद्राकडे निघून जातो आणि दूरवर स्फोट होतो. गॉथम शहर त्याचा पुतळा उभारते आणि मुखवट्याआडच्या ब्रूस वेनचा वाडा अनाथ मुलांना मिळतो. मग एकेक खूण समोर येते. विमानाची स्वयंचलित यंत्रणा आधीच दुरुस्त झालेली असते, आईची मोत्यांची माळ वाड्याच्या यादीत सापडत नाही, आणि गच्चीवरचा मोडका संकेतदिवा कोणीतरी नवा केलेला असतो. शेवटी फ्लॉरेन्समधल्या एका कॅफेत म्हातारा सेवक आल्फ्रेड समोरच्या टेबलाकडे पाहतो, तर तिथे ब्रूस आणि लढ्यात त्याला साथ देणारी सेलिना बसलेले. मान किंचित हलते. कोणी कोणाशी बोलत नाही. हे दृश्य आकाशातून पडलेले नाही. ब्रूसने सारे सोडून कुठेतरी सुखाने जगावे आणि आपल्याला तो असा एखाद्या कॅफेत दिसावा, ही आस आल्फ्रेडने पूर्वार्धातच बोलून दाखवलेली असते.

एका बाजूचे म्हणणे असे, की बलिदान दाखवून ते परत घेणे ही फसवणूक आहे, आणि रक्षणाचे व्रत घेतलेल्याने ते मध्येच खाली ठेवू नये. फ्रँक मिलर यांच्या १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या चित्रकथेतही बॅटमॅनचा मृत्यू खोटाच असतो, पण तिथला म्हातारा नायक जमिनीखाली नव्या लढ्याची तयारी करू लागतो. नोलन यांचा नायक लढाच सोडतो. दुसऱ्या बाजूला हाच शेवट चित्रपटाचे सर्वांत माणुसकीचे अंग वाटतो. पाठीचा कणा मोडेपर्यंत झिजलेल्या माणसाला जगण्याचा हक्क आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचा उत्सवक्रम या वादाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देतो. देवीची आणि चित्रपटातल्या पात्राची बरोबरी इथे अभिप्रेत नाही. प्रश्न आहे तो रक्षणाच्या कथेत विश्रांतीला जागा कुठे, एवढाच. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेसाठी नेली जाते. शारदीय नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. विजयादशमीच्या पहाटे लुगड्यांत गुंडाळलेली मूर्ती बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत ठेवतात. कुंकवाच्या उधळणीत आणि संबळाच्या गजरात मंदिराला प्रदक्षिणा होते, तेच सीमोल्लंघन. महिषासुराशी नऊ दिवस लढून थकलेली देवी त्यानंतर पलंगावर निजते, ती थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेला सोलापूरकडून पायी निघालेल्या भाविकांनी रस्ता भरून जातो आणि देवी पुन्हा सिंहासनावर येते.

या क्रमात विश्रांती म्हणजे कर्तव्यच्युती नव्हे. ती पराक्रमाचा भाग आहे आणि तिला पंचांगात तिथी आहे. शिवाय ती सर्वांसमक्ष घडते. देवी निजली आहे हे गावाला ठाऊक असते, तिच्या निद्रेचीही सेवा असते, आणि ती उठणार याची खात्री असते. या अंगाने पाहिले तर नोलन यांच्या शेवटातली खरी उणीव स्पष्ट होते. नायकाने विसावा घेतला यात काही चुकले नाही. चुकले ते शहराला त्यात वाटा न मिळण्यात. गॉथमला पुतळा मिळाला. खरे काय घडले ते आल्फ्रेडला आणि फार तर दोघा-तिघांना उमगले. पाच महिने वेढ्यात होरपळलेली सामान्य माणसे मधल्या भागात पडद्यावर जवळजवळ नाहीतच, त्यामुळे ज्यांच्यासाठी तो लढला त्यांचा निरोपही प्रेक्षकाला जाणवत नाही. त्रयीची सुरुवात भयग्रस्त शहरापासून झाली होती. तिच्या शेवटी ते शहर पार्श्वभूमीला ढकलले जावे, ही या चित्रपटाची सर्वांत मोठी हानी होय.

पुनरागमनाची सोय मात्र नोलन यांनी ठेवली आहे. तरुण पोलीस जॉन ब्लेक धबधब्याआडच्या बॅटमॅनच्या गुहेत शिरतो आणि त्याच्या पायाखालचा चौथरा वर उचलला जातो. तुळजापुरात निजणारी आणि उठणारी देवी एकच. इथे माणूस बदलतो, काम उरते. १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मध्ये अवतरलेल्या या पात्राला मालक कंपनी निवृत्त होऊ देणार नव्हतीच. २०१६ मध्ये बेन अॅफ्लेक आणि २०२२ मध्ये रॉबर्ट पॅटिन्सन यांनी तो मुखवटा चढवला, पण त्या दोन्ही कथा नव्याने मांडलेल्या आहेत. नोलन यांची कथा पुढे नेणारा चित्रपट निघालेला नाही, आणि ब्लेकने त्या गुहेचे पुढे काय केले हे अनुत्तरितच आहे.