कॅमेरा आणि संत्र्याची फोड

माणसाने पळावे की नाही, या प्रश्नाचा माझ्यापुरता निकाल मी चाळीस वर्षांपूर्वीच लावून टाकला आहे. सुटलेल्या लोकलमागे धावताना एक चप्पल फलाटावर आणि एक रुळांत, अशी वाटणी झाली त्या दिवशी. पळू नये. पुढची गाडी येतेच. पण पळणाऱ्याचा फोटो काढावा की नाही, हा प्रश्न इतका सरळ नाही, हे मला २०२४ च्या जानेवारीत, मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी, पेडर रोडच्या चढावर कळले.

त्याचे असे झाले. निवृत्त माणसाच्या हातात काहीतरी दिले म्हणजे तो घरात कमी बोलतो, अशा समजुतीने आमच्या जावईबापूंनी त्यांचा जुना कॅमेरा मला देऊन टाकला. पहिले दोन महिने मी तुळस काढली. मग कठड्यावरची कबुतरे, मग पुन्हा तुळस. फोटो बरे येत होते, कारण तुळस जागची हलत नाही आणि गिरगावातली कबुतरे माणसाला मोजत नाहीत. शेवटी पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, आता काहीतरी हलणारं काढा."

"आमच्याकडे हलणारं काही नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला. "हे तर मुळीच नाहीत."

तेव्हा मॅरेथॉन. पुतण्याने मला मंत्र दिले. सूर्य पाठीशी ठेवा. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर तरी ठेवा, हजाराव्या भागावर ठेवलेत तर उत्तम. माणसामागे कॅमेरा फिरवत बसू नका. रस्त्यावरची एक जागा धरून ठेवा आणि माणूस तिथे आला की दाबा. शक्यतो खाली बसा. आणि दोन्ही पाय हवेत असताना टिपा. धावणे आणि चालणे यांत फरक तोच: धावताना क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. घोड्याचे चारही पाय असे सुटतात की नाही, यावर मोठी माणसे वर्षानुवर्षे वाद घालत होती. १८७८ मध्ये मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून तो मिटवला. सुटतात. मी मात्र पहिल्या तासात जे टिपले त्यात कोणाचेही पाय हवेत नव्हते, कारण बहुतेक फोटोंत पायच नव्हते. खांदे होते, पाठी होत्या, एका हवालदाराची पोटरी होती आणि डांबर विपुल होते. इथिओपियाचे ते नामांकित धावपटू तर मी लेन्सचे झाकण खिशात ठेवीपर्यंत दिसेनासे झाले.

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्यातले पस्तीसेक संपवून माणूस परतताना हाजीअलीहून वळतो आणि समोर पेडर रोडचा चढ उभा. टॅक्सीत बसून हा चढ चढताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. पस्तीस किलोमीटरनंतर तो सिंहगड होतो. म्हणून तिथे दोन्ही बाजूंना माणसे उभी राहतात आणि ओळखदेख नसताना संत्री, चिक्की, मीठ, बिस्किटे वाटतात. आमची ही चार डझन संत्री सोलून, फोडी डब्यात घालून घेऊन आली होती. मी कॅमेरा घेऊन. घरातून निघताना श्रमविभागणी अशी सरळ होती.

थोडा हात बसल्यावर एक गंमत लक्षात आली. माणूस चढावर चालत येत असतो. मान खाली, हात लोंबकळलेले. मग त्याला कॅमेरा दिसतो. लगेच पोट आत, छाती बाहेर, अंगठा वर, आणि तो चक्क पळू लागतो. मला ओलांडून दहा पावले गेला की पुन्हा चालणे. त्या सकाळी मी निदान शंभर लोकांना दहा दहा पावले पळवले असेल. ह्याला उत्तेजन म्हणावे की खोटे बोलायला लावणे म्हणावे, हे मला ठरवता येईना. पण ते हसत होते, मीही हसत होतो, आणि खोटे बोलून दोन्ही पक्ष खूश असले की तिसऱ्याने पडू नये.

नऊच्या पुढे ऊन चढले आणि माझ्यासमोर एक गृहस्थ दुभाजकाला धरून खाली बसले. पंचावन्नच्या आसपास. पोटरीत गोळा आला होता. असा गोळा मला झोपेत येतो, तेव्हा सगळी आळी जागी होते. हे गृहस्थ पस्तीस किलोमीटर पळून आले होते. चेहरा पिळून निघाला होता. डोळे मिटलेले, दात ओठात. ऊन बरोबर पाठीशी, अंतर दोन हात. मी गुडघ्यावर बसलो आणि दाबले. एकदा नाही, सात वेळा. चौथ्यानंतर त्यांनी डोळे उघडले, कॅमेरा पाहिला आणि तोंडावर हात घेतला. मी तो हातही टिपला.

तेवढ्यात ही पुढे झाली. "अहो, बाजूला व्हा," हे मला. "पाय सरळ करा दादा," हे त्यांना. एका हाताने तिने त्यांचा चवडा मागे दाबला आणि दुसऱ्या हाताने फोड पुढे केली. पाच मिनिटांनी ते उठले. हिला नमस्कार केला. माझ्याकडे पाहिले नाही.

घरी येऊन पाहिले तर अकराशे फोटोंत धडधडीत उत्तम असा एकच, त्या सातांतला तिसरा. पुतण्याने तो पाहिला आणि मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणताना त्यात थोडा आदर घातला. "काका, हा स्पर्धेला पाठवा. नाव द्या 'पराभव'. फक्त हा कोपऱ्यातला हात कापा." तो हात हिचा होता. बांगड्यांसकट, संत्र्याच्या फोडीसकट.

"त्यांना विचारलंत का?" ही म्हणाली.

पुतण्या शिकलेला आहे, त्याने उदाहरण फेकले. १९६७ ची बॉस्टन मॅरेथॉन. कॅथरीन स्विट्झर नावाची मुलगी २६१ नंबर लावून पळतेय, बाई पळते म्हणून एक अधिकारी रस्त्यात घुसून तिचा नंबर ओढतोय, आणि ते सगळे फोटोत आले. फोटोग्राफर कॅमेरे टाकून तिच्या मदतीला धावले असते तर आपल्याला काय कळले असते? बिनतोड. तिथे बायकांना रीतसर परवानगी मिळाली ती १९७२ साली, आणि त्या फोटोला त्याचे थोडे तरी श्रेय द्यावेच लागेल. पण हिला तेवढ्याने पटले नाही. "त्या अधिकाऱ्याला ढकललं कोणी?" तिचा मित्र बरोबर पळत होता, त्याने. "मग झालं तर. ढकलणारा वेगळा होता. शिवाय तिथे एकजण दांडगाई करत होता, ती जगाला दाखवायची होती. इथे पेडर रोडने दांडगाई केली का?"

मी मनातल्या मनात दुसरे उदाहरण शोधले. १९०८, लंडनचे ऑलिंपिक. इटलीचा डोरँडो पिएट्री पहिला मैदानात आला, पुन्हा पुन्हा कोसळला, आणि लोकांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले. त्या हात देण्यामुळेच तो बाद झाला. पदक जॉनी हेजला गेले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएट्रीला चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पेला दिला. म्हणजे मदत करणाऱ्यांनी त्याचे पदक घालवले आणि फोटो काढणाऱ्यांनी त्याला अमर केले! हे हिला सांगावे म्हणून मी उठलोही. मग आठवले, तो झोकांड्या खाणारा पिएट्री सगळ्या जगासमोर स्पर्धेतच होता, आणि त्याने तोंडावर हात घेतलेला नव्हता. खाली बसलो.

प्रश्न त्या हाताचा होता. अंगठा वर करणाऱ्या शंभरांनी मला काहीतरी दिले होते. ह्याने दिलेले नव्हते, मी घेतले होते. तिसऱ्या फोटोच्या वेळी त्याने अजून हात वर केला नव्हता, ही माझी सबब. पण ती घरमालक उठायच्या आत चोरी केली, म्हणून ती चोरी नव्हे, अशा जातीची होती.

दोन दिवसांनी मला नंबर सुचला. छातीवरचा नंबर फोटोत स्वच्छ होता आणि नंबर घातला की निकाल कळतो. घातला. सहा तास बारा मिनिटे. गृहस्थ पोचले होते! मी कागद-पेन्सिल घेतली, बँकेतली सवय. सहा तास बारा मिनिटे म्हणजे २२,३२० सेकंद. माझे शटर हजाराव्या भागाचे. म्हणजे त्या माणसाच्या सकाळचे दोन कोटी तेवीस लाख वीस हजार तुकडे होतात. त्यातले माझ्याकडे सात, आणि सातांतल्या एकाला आम्ही 'पराभव' म्हणणार होतो. आमच्या शाखेत एवढ्या तुटपुंज्या कागदपत्रांवर कोणाला सायकलसाठीही कर्ज मिळाले नसते.

पुतण्याला नाही म्हटले. "काका, तुमचा फोटोग्राफर होणार नाही," तो म्हणाला. तसे कोणी वचनही दिले नव्हते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मूळ फोटो मी पुसलेला नाही. ही झोपल्यावर कधीतरी उघडून बघतो. फार चांगला आला आहे हो.

भिंतीवर त्यातला कोपरा तेवढा लावला आहे. पुतण्या कापायला सांगत होता तो मी ठेवला आणि ठेवायला सांगत होता ते कापले. दोन काचेच्या बांगड्या, बोटे आणि संत्र्याची फोड. पाहुणे विचारतात, हा मॅरेथॉनचा फोटो कसा? मी सांगू लागतो, तोवर ही मध्येच म्हणते की फोडीवरची शीर नीट निघालेली नव्हती, हे यांनी आधी सांगायला नको होतं का.