शून्य तक्रारींचा अभिमान



बसवनगुडी हा बंगळूर शहराचा जुना भाग. टेकडीवरच्या अखंड पाषाणातील नंदीवरून या वस्तीला हे नाव पडले. येथे आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. त्यांच्याकडे गेल्या जून महिन्यात बेळगावहून एक मायलेकी आल्या. मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. मला कानडी येते, म्हणून सोबत मीही गेलो. शुल्क भरून झाले, वसतिगृहाची खोली पाहून झाली. निघताना त्या माउलीने कचेरीतील गृहस्थांना संकोचाने विचारले, "मुलींना इथे काही त्रास वगैरे?" ते गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत तशी एकही तक्रार नाही. एकही नाही!" माउलीचा जीव भांड्यात पडला.

परतताना गांधी बझारपाशी उतरलो, तेव्हा इतका वेळ गप्प असलेली ती मुलगी म्हणाली, "काका, एकही तक्रार नाही, म्हणजे तक्रार करायला जागाच नाही, असंही असेल ना?" आई चटकन म्हणाली, "शुभ बोल गं!" विषय तेथेच थांबला. माझ्या मनात मात्र तो थांबला नाही. तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

विद्यापीठाच्या आवारात एखाद्या मुलीवर अत्याचार झाला, तर अपराधी कोण? अर्थातच ज्याने तो केला तो. त्याला शिक्षा झाली की प्रश्न मिटला, असे आपल्याला वाटते. पण त्या मुलीने दुसऱ्या दिवशी ज्या दारावर थाप मारली, ते दार उघडले नाही तर? तिला ‘विचार कर, तुझ्या वर्षाचा प्रश्न आहे’ असे सांगण्यात आले, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि परीक्षेच्या दिवशी तोच इसम पर्यवेक्षक म्हणून तिच्यासमोर उभा राहिला, तर? हा दुसरा अपराध कोणाचा? त्यात कोणा एकाचा हात दिसत नाही. प्रत्येकाने थोडे थोडे तोंड फिरवलेले असते. म्हणूनच तो कोणाच्याच खात्यावर लिहिला जात नाही.

माझे म्हणणे असे की, तो संस्थेच्या खात्यावर लिहिला गेला पाहिजे. ‘संस्थेला आत्मा नसतो, तेव्हा तिला पाप कसे लागेल?’ असे कोणी म्हणेल. पण संस्थेला नाव असते, मान असतो, आणि त्या नावाची तिला माणसासारखीच आसक्ती असते. जी संस्था सुवर्णमहोत्सवात आपल्या मोठेपणाचे श्रेय घेते, तिने आपल्या मौनाचे अपश्रेयही घेतले पाहिजे.

आपल्या देशाच्या कायद्याने हा विचार एका गरीब स्त्रीच्या दुःखातून शिकून घेतला. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. स्त्रियांच्या संघटनांनी सर्वोच्च न्यायालयापुढे निराळाच प्रश्न मांडला: जिने हे काम करताना हे भोगले, तिच्या बाबतीत काम देणाऱ्याचे काहीच कर्तव्य नव्हते काय? १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ या नावाने प्रसिद्ध असलेला निकाल आला. कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि ती नेमणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे त्यात ठरले. ‘कोणी केले?’ या प्रश्नाला ‘कोणाच्या छपराखाली झाले?’ हा दुसरा प्रश्न जोडला गेला.

निकाल झाला, पण समित्या कागदावरच राहिल्या. पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांनी याबाबत न्यायालयाला लिहिलेले पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने, ही मार्गदर्शक तत्त्वे केवळ नावापुरती राहता कामा नयेत, असे बजावले. २०१३ साली संसदेने कायदा केला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम मे २०१६ मध्ये राजपत्रात आले आणि विद्यार्थिनींसाठी नियम स्पष्ट झाले. तक्रारीची प्रत ७ दिवसांत समोरच्यास द्यावी, त्याने १० दिवसांत उत्तर द्यावे, चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी, आणि अहवाल हाती आल्यावर ३० दिवसांत संस्थेने कार्यवाही करावी. समितीची अध्यक्षा ज्येष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, बाहेरची एक व्यक्ती असावी, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही असावेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी समितीत बसू नये, असेही त्यात आहे. या शेवटच्या नियमामागे मानवी स्वभावाची केवढी जाण आहे! ज्याच्यावर संस्थेचे नाव सांभाळण्याचा भार आहे, त्याच्याच हाती न्यायाचा तराजू दिला, तर तो कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको.

मग नियम असूनही कोठे बिघडते? मला वाटते, संस्थेपुढे दोन मोह उभे असतात. पहिला मौनाचा, दुसरा घाईचा.

मौनाचा मोह पवित्र शास्त्राच्या वाचकास नवा नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाच्या मुलीची, तामारेची, कथा आहे. अम्नोनाने तिच्यावर बलात्कार केला. तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने तिला गप्प राहण्यास आणि मनाला लावून न घेण्यास सांगितले. राजाला ते कळले आणि त्याला फार संताप आला. बस्स! संतापापुढे त्याने काहीच केले नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहिली, आणि दोन वर्षांनी त्या घराण्यात रक्त सांडले. दावीद दुष्ट नव्हता, अपराध ऐकून तो हसला नव्हता. पण राजाचा संताप कृतीत उतरला नाही, तर त्याचा उपयोग काय? आमच्या संस्थाही निषेधाची पत्रके काढतात. पत्रकात संताप असतो, कारवाईची तारीख नसते.

या मौनाची किंमत जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे दिसली. तेथील फकीर मोहन महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. तिने दारे ठोठावली नव्हती असे नाही. ती ठोठावून झाली होती. १२ जुलै रोजी तिने आवारातच स्वतःला पेटवून घेतले, आणि १४ जुलैच्या रात्री भुवनेश्वरच्या रुग्णालयात तिचा प्राण गेला. तिने पेटवून घेतल्यानंतर विभागप्रमुखांबरोबर प्राचार्यांनाही अटक झाली. सारे काही जलद गतीने हलले, पण ते जिच्यासाठी हलायचे होते ती उरली नव्हती.

दुसरा मोह घाईचा. तो दिसायला सद्गुणासारखा असतो, म्हणून अधिक फसवा. आपल्या गोव्याचेच उदाहरण घ्या. २००९ साली गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाविरुद्ध तक्रारी केल्या. विद्यापीठ गप्प बसले नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण समितीने अल्पावधीत बैठकांवर बैठका घेऊन चौकशी आटोपली, आणि आरोप असलेल्या व्यक्तीस आपली बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही. त्यांना बडतर्फ करण्यात आले, आणि उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. पण १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा व हिमा कोहली यांनी, ही घाई न्यायाला धरून नव्हती, असे ठरवून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. त्याच निकालात त्यांनी देशभरातील सरकारी खाती, विद्यापीठे व व्यावसायिक संस्था यांत अशा समित्या खरोखर नेमल्या आहेत की नाहीत, हे तपासण्याचा आदेश दिला. देशातील ३० क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांत नियमानुसार समितीच नाही, या वृत्तपत्रातील माहितीची दखलही न्यायालयाने घेतली.

वाचकहो, त्या चौदा वर्षांचा विचार करा. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनींचे शिक्षण संपून किती काळ लोटला असेल! आणि चौकशी पुन्हा समितीपुढे! ज्यांच्यावर आरोप होता त्यांचेही आयुष्य टांगणीला लागलेले. काही आठवडे अधिक धीर धरला असता, तर चौदा वर्षे वाचली असती. निकदेमाने परुशांच्या सभेत विचारलेला प्रश्न आठवतो: माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? हा प्रश्न केवळ आरोपीच्या बचावाचा नाही. आरोपीचे म्हणणे नीट ऐकलेला निकालच तक्रार करणाऱ्या मुलीच्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहतो. न ऐकता दिलेला निकाल वाळूवरचे घर. पहिल्या पुरातच तो ढासळतो आणि त्याखाली तीच सापडते.

मौन आणि घाई ही परस्परविरुद्ध टोके वाटतात. पण दोहोंत संस्थेची नजर मुलीकडे कमी आणि स्वतःकडे अधिक असते. एका वेळी ती म्हणते, ‘बाहेर कळू नये’. दुसऱ्या वेळी म्हणते, ‘कळलेच आहे, तर लवकर मिटावे.’ दोन्ही वेळा ती जपते ते नावच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. संस्थेचे नाव म्हणजे हजारो विद्यार्थ्यांची पदवी, कित्येकांची भाकरी, पूर्वजांचे कष्ट. एका प्रकरणापायी ते सारे धुळीस मिळू द्यावे काय? शिवाय तक्रार खोटी निघाली तर? दुसऱ्या शंकेला विनियमांतच उत्तर आहे. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाई होऊ शकते; मात्र केवळ आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. पहिल्या शंकेचे उत्तर आपल्याला स्वतःच्या मनाला द्यावे लागेल. नाव ही संस्थेकडे ठेवलेली ठेव आहे, आणि ती ठेवली आहे त्या मुलींच्या आईबापांनी. ठेव राखण्यासाठी ठेवीदाराचाच बळी देणाऱ्याला आपण विश्वस्त म्हणू काय?

या बाबतीत आपल्याच घरचा एक दाखला आहे. १८९७ च्या प्लेगात पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील एका मुलीला पुण्याच्या प्लेग रुग्णालयात नेण्यात आले, आणि तेथे ती एका रखवालदाराच्या तावडीत सापडली, असे बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीरपणे लिहिले. रुग्णालय सरकारचे, सरकार इंग्रजांचे. बाईंच्या कार्याला मदत करणाऱ्यांत इंग्रज व अमेरिकन स्नेही पुष्कळ. गप्प बसण्यास याहून सबळ कारण कोणते हवे? तरीही बाई गप्प बसल्या नाहीत. सरकारने काय केले? गव्हर्नरांनी त्यांचे म्हणणे चुकीचे व दिशाभूल करणारे ठरवले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजही किती ओळखीचे वाटते! आणि जिला तेथे नेले होते, त्या मुलीसाठी बोलणारी एक बाईच होती.

म्हणूनच हा प्रश्न आपल्याला दूर ढकलता येणार नाही. मुंबईचे विल्सन आणि सेंट झेवियर्स, नगरचे अहमदनगर कॉलेज यांचा उल्लेख आपण अभिमानाने करतो. देशभर ख्रिस्ती मंडळ्यांची महाविद्यालये, परिचारिका विद्यालये, वसतिगृहे आहेत. जो मापदंड आपण गोव्याला आणि बालासोरला लावतो, तोच आपल्या फाटकाच्या आत लावण्याची आपली तयारी आहे काय? ‘आपल्यातलेच आहे, आपसांत मिटवू’ हे वाक्य क्षमेचा पोशाख घालून येते. पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार विश्वस्त मंडळाला कोणी दिला? क्षमा ही त्या मुलीची. न्याय हे आपले कर्तव्य.

आपणांपैकी जे पालक आहेत त्यांनी प्रवेशाच्या वेळी ग्रंथालय आणि खानावळ पाहतात त्याप्रमाणे तक्रार समितीच्या सदस्यांची नावे कोठे लावली आहेत, तेही पाहावे. जे विश्वस्त आहेत त्यांनी वार्षिक अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या आणि किती दिवसांत, हे मागावे. हा हिशेब आयोगाला कळवणे संस्थेवर बंधनकारकच आहे. जे शिक्षक आहेत त्यांनी वर्गात एकदा तरी मोठ्याने सांगावे की, तुमचे म्हणणे ऐकून घेतले जाईल. एवढ्याने पाप नाहीसे होणार नाही. पण पापाला लपायला जागा उरणार नाही.

बेळगावची ती मुलगी आता वसतिगृहात राहते आणि रविवारी कधी कधी बसवनगुडीत येते. परवा आली तेव्हा म्हणाली, "काका, आमच्याकडे समितीची नावं फळ्यावर लागली. आम्ही चौघींनी जाऊन विचारलं होतं." एवढेच. त्या कचेरीतील गृहस्थांचे शून्य कदाचित आता पुसले जाईल, एखादा आकडा तेथे येईल. तो आला तर त्या संस्थेची अब्रू गेली, असे मी तरी मानणार नाही. कोणा मुलीने दारावर थाप मारली आणि आतून कोणी ‘ये’ म्हटले, एवढेच मी समजेन.