तिसरा रकाना

पुण्यात सदाशिव पेठ आणि नवी पेठ मिळून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचं एक निराळंच गाव वसलं आहे. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतली खुर्ची, एवढ्यावर मराठवाडा-विदर्भातून आलेली मुलं इथे उमेदीची वर्षं घालवतात. खासगी अभ्यासिकेचं भाडं ज्यांना झेपत नाही, त्यांना सार्वजनिक वाचनालयाचाच आधार. अशाच एका जुन्या वाचनालयात घडलेली ही गोष्ट.

खाली वाचनकक्ष, वर छोटं सभागृह. सभागृहात संध्याकाळी एखादं व्याख्यान, कधी पुस्तक प्रकाशन, दिवसभर कुलूप. वाचनकक्षात मात्र सकाळी दार उघडलं की खुर्च्या भरत. सगळ्यांवर माणसं बसत असं नव्हे. कुठे सॅक, कुठे पाण्याची बाटली, कुठे नुसता रुमाल.

परांड्याचा एक मुलगा शांततेच्या बाबतीत फार काटेकोर होता. कुणी पान जोरात उलटलं तरी त्याची मान वर व्हायची. तक्रारवहीत त्याचंच अक्षर सगळ्यात जास्त. स्वभावाने वाईट नव्हता. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकून त्याला पाठवलं होतं आणि वाया गेलेलं प्रत्येक मिनिट त्याला बोचत असे.

एका दुपारी खिडकीशी दोन मुली बसल्या. एक हळू आवाजात वाचत होती, दुसरी ऐकत होती. अर्ध्या तासाने हा उठला आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी गेला. "मॅडम, इथे अभ्यास करायचा की गप्पा ऐकायच्या?" बाई काही बोलायच्या आतच मुलींनी पुस्तकं आवरली. जाताना दुसरीने पहिलीचा दंड धरला होता, हे त्याने पाहिलं नाही.

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या शिपाई रजेवर आहे. दिवसभर दाराशी बसून नोंदवही सांभाळशील?"

वहीत दोन रकाने होते, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ. सकाळी एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्रं वाचायला आले, सगळीकडे नजर फिरवली आणि निघून गेले. दुपारी खाकी शर्टातला रिक्षावाला आला. त्याला जेवणाच्या सुट्टीत थोडा वेळ बसायचं होतं. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली आठवीतली मुलगी दप्तर घेऊन आली; घरी एकच खोली, त्यात टीव्ही. तीही परत फिरली. यांतल्या कुणाचीच नोंद होत नव्हती, कारण वहीत नाव फक्त बसणाऱ्याचं. मुलाने पट्टी घेतली आणि तिसरा रकाना आखला: 'जागा नाही, परत.' चार वाजेपर्यंत पान भरलं. मग तो आत जाऊन रिकाम्या खुर्च्यांवरचं सामान पाहू लागला. त्यात त्याची स्वतःचीही सॅक होती.

संध्याकाळी कालच्या त्या दोघी आल्या. वाचणारीने दारातूनच विचारलं, "आज चालेल का?" खुर्च्या आता मोकळ्या होत्या. तरी या दोघी परत जायच्या तयारीत. तिसऱ्या रकान्यात यांचं काय लिहायचं, त्याला कळेना.

दुसरी म्हणाली, "दादा, मला दिसत नाही. हिने वाचलं की माझं वाचन होतं. सगळ्याच पुस्तकांची रेकॉर्डिंगं मिळत नाहीत."

तो वही घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी पान शांतपणे वाचलं. म्हणाल्या, "१८४८ साली लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथालय निघालं, आजचं पुणे नगर वाचन मंदिर. त्याच वर्षी बुधवार पेठेत, भिडे वाड्यात, जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. दोन्ही गोष्टी लागतात रे. नुसती पुस्तकं मांडून भागत नाही, उंबरा ओलांडता यायला हवा."

ते पान कार्यकारिणीच्या बैठकीत गेलं. विजेचं बिल कोण भरणार, यावर बरीच चर्चा झाली, आणि ती चिंता खोटी नव्हती. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांना पै-पैचा हिशेब करावा लागतो. शेवटी ठरलं: वरचं सभागृह दिवसा उघडं राहील. मोठ्याने वाचणं, गटचर्चा, मुलाखतीचा सराव, सगळं तिथे. तासाची नोंद आधी करायची. खाली अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ खुर्ची सोडली तर सामान रॅकवर जाईल. काही मुलं कुरकुरली, दोघं-तिघं रागावून दुसरीकडे गेली. पण खालचा कक्ष पूर्वीपेक्षा शांत झाला. कुजबुज करणाऱ्यांना बोलायची हक्काची जागा मिळाली होती. मला यात बाईंचं शहाणपण दिसतं: शांततेची पाटी त्यांनी अधिक मोठी केली नाही, वरचं कुलूप काढलं. तिसरा रकानाही त्यांनी नव्या वहीत छापून घेतला.

त्या न दिसणाऱ्या मुलीच्या मैत्रिणीला शनिवारी क्लास असे. त्या दिवशी वाचून दाखवायला परांड्याचा मुलगा बसू लागला. एकदा मूलभूत हक्कांचं प्रकरण चाललं होतं.

"थांब दादा. कलम २१-अ मध्ये वय गाळलंस."

"सहा ते चौदा."

"कुठल्या घटनादुरुस्तीने आलं?"

हे पान त्याने खाली बसून कितीतरी वेळा डोळ्यांखालून घातलं होतं. तरी त्याला आठवेना.

"शहाऐंशिव्या, २००२," ती म्हणाली. "आता पुढचं तू मला विचार."