लोणा लागलेली भिंत

समुद्राकाठी ज्यांची घरे आहेत त्यांच्याकडे दिवाळीच्या सुमारास दोन प्रकारच्या रांगोळ्या निघतात, असे मी शाळेतल्या मुलांना गमतीने सांगत असतो. एक अंगणात, लेकीसुना मिळून काढतात ती. आणि दुसरी पश्चिमेच्या भिंतीवर, जी कोणीच काढीत नाही. आश्विन सरत आला, पहाटेचा वारा कोरडा वाहू लागला, की भिंतीच्या पायथ्यापासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरी भुकटी फुलून येते. बोटाने टिपून जिभेला लावावी तर खारट. हा लोणा. 'भिंतीला लोणा लागला' असे म्हणताना आमच्या वडीलधाऱ्या माणसांचा आवाज जरा खाली येई. घरातल्या कोणाला क्षय लागल्याचे सांगताना यावा तसा.

या लोण्याची रीत (हे लोणी नव्हे, हे फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांनी कृपया ध्यानात घ्यावे) मोठी कपटी आहे. पावसाळ्यात वारा समुद्राचे तुषार आणून भिंतीवर मारतो, जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते, आणि दोन्ही आपल्याबरोबर मीठ घेऊन येतात. हवेतली आर्द्रता शेकडा ७५ च्या वर असेतोवर हे मीठ विरघळून चिऱ्याच्या पोटात निमूट पडून राहते. आर्द्रता त्याखाली उतरली की त्याचे खडे होऊ लागतात. खड्याला जागा लागते. ती नसली तर तो करून घेतो. चिऱ्याच्या बारीक छिद्रांत बसलेला मिठाचा कण दगडाला आतून रेटतो आणि हळूहळू त्याचा भुगा करतो. पाऊस भिंत खातो असे आपण समजतो. खरे म्हणजे पाऊस शत्रूला आत सोडून जातो, आणि घाव पडतो तो पुढच्या चांगल्या, कोरड्या, हसऱ्या दिवसांत.

आमचा चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रज कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टराने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. कारण तिकडची माणसे तो विटेसारखा कापून काढीत. खाणीत मऊ, वाऱ्यावर आला की कठीण, आणि अंगभर छिद्रे, असा त्याचा स्वभाव. किनाऱ्यावरची माणसेही पुष्कळशी अशीच असतात. पण तो विषय निराळा.

दापोली तालुक्यातले आमचे घर आजोबांनी बांधलेले. चिऱ्याच्या भिंती, चुन्याच्या दरजा, वर कौले. लहानपणी दर दसऱ्याच्या आधी वडील भिंतीचे सुटलेले पोपडे खरवडीत, दरजा भरीत आणि चुन्याचा हात देत. मला त्या कामाचा कंटाळा. दरवर्षी तीच भिंत, तेच पोपडे. २०१३ साली एका कादंबरीचे थोडे पैसे हाती आले. (कादंबरीचे पैसे येतात हे ऐकून कोणी लेखक होऊ नये, थोडेच आले.) त्या पैशांत मी पश्चिमेच्या भिंतीचा जुना गिलावा काढून सिमेंटचा घट्ट गिलावा मारून घेतला आणि वर चकचकीत रंग दिला. वडील तेव्हा नव्हते. त्या दिवाळीत येणारा-जाणारा त्या भिंतीकडे पाहून थांबे, आणि मी अंगणात उगाच रेंगाळत असे.

चार-पाच वर्षे भिंत चमकली. मग रंगाला फुगे आले. टिचकी मारली तर जागोजाग पोकळ वाजू लागले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, तेव्हा आमच्याही तालुक्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमची कौले उडाली, भिंती उभ्या राहिल्या. कौले दिसत होती म्हणून ती आधी घातली. सिमेंटला गेलेल्या तडांतून जे पाणी आत शिरले ते मात्र कोणाला दिसले नाही. आणि त्याला बाहेर पडायला मी वाट ठेवली नव्हती. दोन वर्षांनी त्या खोलीतून जाताना पायाखाली लाल भुकटी लागे. मी ती झाडून टाकी. भिंतीत काय चालले आहे हे मला कळले होते, पण कळलेले मनावर घेतले नव्हते. ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला मुलांच्या बाबतीत ठाऊक होते. स्वतःच्या बाबतीत नव्हते.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने मुंबईहून कळविले की, दिवाळीला येतो, तेव्हा घराच्या वाटण्या करून टाकू. भांडण काही नव्हते. दोघांच्याही मुलांची वये वाढली होती. माजघर सामाईक, पूर्वेची बाजू एकाला आणि पश्चिमेची एकाला. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून पश्चिमेची बाजू आपल्याला मिळावी, असे त्याने आपण होऊन लिहिले.

वाचकहो, मोह म्हणून जो असतो तो दरोडेखोराच्या वेषात कधी येत नाही. तो सभ्य माणसासारखा दारात उभा राहून अगदी रास्त बोलतो. त्याने मागितले, मी दिले. यात माझा काय दोष? दिवाळी आहे, घराला रंग द्यायचाच असतो. फुगे खरवडून एक हात मारला की भिंत पुन्हा गोरीगोमटी. मी रंगाचे डबेसुद्धा आणून ठेवले.

त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आले की आईने आपली खाट त्या भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर घेतली आहे. विचारले तर म्हणाली, "तिकडे वारा लागतो रे." तिकडे खिडकी नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून तिने वाऱ्यावर खापर फोडले होते. मी भावापासून लपवीत होतो, आई माझ्यापासून लपवीत होती, आणि सगळ्यांच्या मागे ती भिंत आपले दुखणे चकचकीत रंगाखाली लपवीत होती.

शेवटी गावातल्या म्हाताऱ्या गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत खालपासून वरपर्यंत वाजवून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, चोर घरात होता, आणि तुम्ही बाहेरून कडी घातलीत."

त्या वाक्याने मला पुष्कळ दिवस विचारात टाकले. कारण माझ्या मनाने लगेच एक पळवाट काढली होती: गिलावा म्हणजे झाकणेच नव्हे काय? आजोबांचा चुन्याचा गिलावा काय चिरा उघडा ठेवीत होता? झाकणे हाच जर अपराध, तर सगळ्या भिंती खोट्या, आणि सगळी सभ्य माणसेही. आपण घरी आलेल्या पाहुण्यापुढे कर्जाचा विषय काढीत नाही, आजाऱ्यापुढे आजाराचा काढीत नाही. मग माझ्याच झाकण्यात अधिक वाईट काय होते?

उत्तर मला चुन्यात सापडले. शिंपा किंवा चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूबरोबर मळून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू पुन्हा शोषून तो हळूहळू दगड होतो. हा दगड मऊ असतो आणि त्याच्यातून ओल ये-जा करते. चिऱ्याच्या पोटातली ओल चुन्यातून बाहेर पडते, मीठ बरोबर घेते, आणि ते मीठ चुन्यात येऊन फुलते. पोपडे चुन्याचे पडतात, चिरा वाचतो. वडील दरवर्षी जे खरवडीत होते ते भिंतीचे नुकसान नव्हते. भिंतीऐवजी दुसऱ्याने सोसलेले नुकसान होते. सिमेंटचा घट्ट गिलावा याच्या उलट वागतो. तो स्वतः झिजत नाही. ओल अडवतो, मीठ मागे सारतो, आणि चिरा झिजत असताना आपण चकचकीत राहतो. शेवटी पडतो तेव्हा चिऱ्याचा पापुद्रा सोबत घेऊन पडतो.

तेव्हा प्रश्न झाकण्याचा नाही. झीज कोणी सोसायची, हा आहे. दुसऱ्याची झीज अंगावर घेण्यासाठी जो झाकतो तो चुना. आपली शोभा राखण्यासाठी जो दुसऱ्याला झिजू देतो तो माझा गिलावा. आईने वाऱ्याचे निमित्त सांगितले, तिची खाट हलली. झीज तिने सोसली. मी रंगाचे डबे आणले. झीज भाऊ सोसणार होता. दोघेही खोटे बोललो, पण दोन्ही खोटी एका मापाची नव्हती.

याच्याविरुद्ध एक दाखला माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो मी दडवणार नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरूडजवळ समुद्रात पद्मदुर्ग बांधविला. तिथल्या तटाचे दगड खाऱ्या वाऱ्यापाण्याने खोल झिजले आहेत, आणि दरजांतला चुना मात्र मधाच्या पोळ्याच्या कडांसारखा पुढे उभा आहे. पाहणारे त्या चुन्याची वाहवा करतात, आणि करावीच. तीनशे वर्षांहून अधिक काळ तो समुद्राशी झुंजतो आहे. म्हणजे चुनासुद्धा दगडाला मागे टाकू शकतो. पण पुन्हा ती भिंत आठवते तेव्हा माझे लक्ष चुन्याकडे न जाता त्या मधल्या पोकळ्यांकडे जाते. सोबत्याला झिजलेले पाहत ताठ उभे राहण्यात पराक्रम असेल. सुख असेल असे वाटत नाही. अलिबागच्या कुलाब्याच्या तटात तर मोठमोठे दगड चुन्यावाचून नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. समुद्राला थोडी वाट दिली की तो भिंत मागत नाही.

याचा अर्थ सिमेंट पापी आणि चुना पुण्यवान, असा कोणी घेऊ नये. वादळानंतर ज्याला पंधरा दिवसांत डोक्यावर छप्पर हवे होते त्याला चुना विरवत बस असे सांगणे ही क्रूर थट्टा झाली असती. नवे घर सिमेंटचे बांधावे, नीट बांधावे. ज्याला दरवर्षी गवंडी परवडत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. माझे म्हणणे एवढेच की जुन्या मऊ भिंतीवर नवा कठीण लेप चढविताना, तो भिंतीसाठी आहे की आपल्यासाठी, हे एकदा स्वतःला विचारावे.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आम्ही गिलावा फोडला. फोडायला जोर लागलाच नाही. हाताएवढे तुकडे आपोआप सुटले. मागे चिरा नव्हता, ओली लाल माती होती. काही ठिकाणी बोट दोन पेरे आत गेले. काकांनी भिंत धुऊ दिली नाही. पाण्याने मीठ पुन्हा आत जाते. कोरड्या कुंच्याने झाडली. कुजलेले चिरे एकेक करून बदलायचे, दरजा खरवडून चुन्याने भरायच्या, भिंत वाळू द्यायची, मग समुद्राची नव्हे, नदीची धुतलेली वाळू घेऊन चुन्याचा गिलावा. पहिला गिलावा मीठ पिऊन पडेल, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. "पडला तर रडायचं नाही, गुरुजी. तो पडण्यासाठीच लावायचा."

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्याच्या वाट्याची भिंत सोललेल्या गुडघ्यासारखी दिसत होती. मी त्याला सगळे सांगितले. मनातल्या मनात मी थोड्या कौतुकाचीही अपेक्षा केली असावी. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दादा, इतकी वर्षं तुला ठाऊक होतं. आणि मी घर मागितल्यावर बोललास?"

याला उत्तर नव्हते. कबुली उशिरा दिली की तिच्यातही लोणा लागतो. दुसऱ्या दिवशी, अभ्यंगस्नानाच्या पहाटे, तो माझ्याशी बोलला नाही. आईने आम्हा दोघांना पाठीला तेल लावले, तीही काही बोलली नाही. दुपारी मी पाहिले तर तो कुंचा घेऊन भिंतीवरचे मीठ झाडीत होता. वडील झाडीत तसे, वरून खाली. मी दुसरा कुंचा घेतला. वाटण्यांचा कागद त्या दिवाळीत झाला नाही. भिंतीचा खर्च मी केला. पश्चिमेची बाजू त्याला अजून हवी आहे, असे तो म्हणतो.

हे लिहितो आहे तेव्हा पाऊस पुरता गेलेला नाही. आईची खाट अद्याप खोलीच्या मध्येच आहे. तिने ती मागे सरकवण्याची मी वाट पाहतो आहे, विचारत नाही. नव्या गिलाव्यावर कोपऱ्यात एक पोपडा धरला आहे. पूर्वी त्याने माझा जीव खाली-वर झाला असता. आता रोज सकाळी तिथे हात फिरवून पाहतो. वारा कोरडा वाहू लागला की तिथे पांढरी भुकटी फुलेल, आणि भाऊ दिवाळीला येईल तेव्हा दोन कुंचे तयार असतील.