सेल लागला म्हणून घेतलास?

तो मोबाइल उलटा ठेव आणि माझ्याकडे बघ. शाळेत तुला गणित शिकवलं, आता तू कमावता झालास, म्हणून बाईंनी बोलायचं नाही असं मी मानत नाही. परवा राम मारुती रोडवर चारचौघांत तू ठासून सांगत होतास, ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ हा गेम बकवास आहे, नुसता घोडा हाकत बसायचं, लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. समोरचा मुलगा पैसे घालावेत की नाही म्हणून विचारत होता आणि तू निकाल देऊन मोकळा झालास. किती खेळलास रे? बर्फातून बाहेर तरी आलास का?

नाही ना आलास? मग निकाल कसला देतोस? त्या मुलाला आजच्या आज फोन करून सांग की मी पुढे गेलोच नाही, माझ्या मतावर जाऊ नकोस.

बाईंना गेममधलं काय कळतंय, असं मनातही आणू नकोस. भाच्याच्या पीएस फोरवर मी तो शेवटपर्यंत खेळले आहे. पहिला अध्याय सगळा बर्फाळ डोंगरात जातो. दरोडेखोरांची टोळी अडकलेली, पाय रुततात, वाट आखून दिलेली. त्यातच साधारण दोन तास संपतात. मग टोळी खाली हिरव्या मुलखात उतरते आणि तिथून खेळ मोकळा होतो. आता तू जिथून घेतलास त्या स्टीमचा नियम काय? घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळून 2 तास व्हायच्या आत मागितले तर पैसे परत. म्हणजे खेळाचं खरं रूप दिसायला लागतं तेव्हा परतीची मुदत संपत आलेली असते. हा हिशेब विकत घेण्याआधी करायचा होता. गणितात तू कच्चा नव्हतास. पण सेल लागला, मित्रांनी घेतला, म्हणून तूही घेतलास. 150 जीबी जागा करायला घरातले फोटो दुसरीकडे हलवलेस, पण आपल्याला हा खेळ मानवेल का, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला नाहीस.

आणि खेळलास कसा? एक डोळा रीलवर ठेवून. संवाद सुरू झाला की स्किप. अरे, त्या खेळाचा जीवच तिथे आहे! त्यातला नायक आर्थर मॉर्गन कपाट उघडतो तेव्हा एकेक खण ओढतो, डबा उचलतो, पिशवीत टाकतो. हरीण मारलं तर त्याचं कातडं सोलून होईपर्यंत थांबायचं, मग ते खांद्यावर घेऊन घोड्यापर्यंत चालत जायचं. छावणीत पळता येत नाही. घोड्याला खरारा करायचा, चारायचं. बंदूक पुसली नाही तर ती नीट काम देत नाही. हे सगळं मुद्दाम केलेलं आहे. 2018 साली आलेल्या या खेळावर हजारो माणसांनी सुमारे आठ वर्षं काम केलं, त्यात बंगळूरचा स्टुडिओही होता. गोष्ट 1899 सालची. दरोडेखोरांचे दिवस भरत आलेत आणि हे त्यांचं त्यांना कळतंय. शेकोटीपाशी नुसतं उभं राहिलं की ही माणसं आपसात बोलतात, गातात, भांडतात. पुढे त्यांच्यातलं कोणी गेलं तर जीव तुटतो, तो त्या शेकोटीमुळे. तू तिथे थांबलाच नाहीस. गडकरी रंगायतनला विलंबित सुरू झालं की वड्यासाठी उठायचं, द्रुत लागल्यावर खुर्चीत येऊन बसायचं आणि बाहेर पडताना गाणं जमलं नाही म्हणायचं, तसं केलंस तू.

तुझ्या त्या मित्रालाही माझा निरोप दे. ज्याला हा खेळ आवडत नाही त्याला अक्कल नाही, असं तो नौपाडाभर सांगत फिरतो. तेही साफ चूक. संथपणा सोसणं ही काही परीक्षा नाही. तू घणसोलीहून सुटून, ठाणे स्टेशनची गर्दी तुडवून रात्री नऊला घरी येतोस. जेवून हाताशी पाऊण तास उरतो. त्या पाऊण तासात तुला काय हवं असतं? काहीतरी जिंकून झोपायचं असेल तर त्यात लाज कसली? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने 2020 साली ‘राजी’ काढला. जत्रेतली मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते, मारामारी भरपूर, थोड्या दिवसांत गोष्ट पुरी होते. तो घे. लोक काय म्हणतील म्हणून साठ तासांचं ओझं कशाला डोक्यावर घेतोस?

शिवाय संथ खेळ सगळे एकाच जातीचे नसतात, हे डोक्यात पक्कं बसव. ‘डेथ स्ट्रँडिंग’मध्ये पाठीवर सामान लादून तोल सावरत दगडधोंड्यांतून चालायचं, वाट हाच खेळ. ‘किंगडम कम’मध्ये 1403 सालचा लोहाराचा मुलगा असतोस, सुरुवातीला तलवार धड धरता येत नाही, वाचताही येत नाही, दोन्ही शिकावं लागतं. यातला एक आवडेल आणि दुसरा अजिबात सोसणार नाही, असं सहज होऊ शकतं.

पारख करायची तर ट्रेलर बघू नकोस, त्यात फक्त गोळीबार असतो. मधल्या एखाद्या अध्यायातलं, न कापलेलं, कोणाची बडबड नसलेलं अर्ध्या तासाचं खेळणं बघ. कितव्या मिनिटाला बोट पुढे ढकलायला जातंय, तिकडे लक्ष ठेव. आणि एक आठव. ‘जीटीए 5’ तू वर्षभर खेळलास. त्यात मिशन सोडून कधी समुद्राकाठी गाडी लावून उगाच उभा राहिलास का? की नकाशावरच्या एका खुणेवरून दुसरीकडे धावतच होतास? याचं उत्तर खरं दे, मला नको, स्वतःला दे.

आता पैसे तर गेलेच आहेत. बर्फ ओलांड. दुसऱ्या अध्यायाला शनिवार-रविवारच्या दोन संध्याकाळी दे, मोबाइल आतल्या खोलीत ठेवून. घोड्यावरून कुठेही जा, मिशन घेऊ नकोस. तरीही हात शिवशिवत राहिले तर खुशाल काढून टाक. तेव्हा मात्र खेळाला नावं ठेवायची नाहीत. ‘मला मानवला नाही’ म्हणायचं आणि कोणी विचारलंच तर का ते सांगायचं.