पाया पडणारे, पाय न पाहणारे

आपल्याकडे पायाला मान मोठा. थोरांच्या पाया पडायचं, शेगावात पादुकांवर डोकं टेकवायचं, लग्नात नवरदेवाचे पाय धुवायचे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या बाजारात मधुमेहाची गोळी घेणारा एखादा माणूस गाठा आणि विचारा, "बाबा, स्वतःचा तळवा शेवटचा कधी पाहिला?" तो तुमच्याकडंच संशयानं पाहील. तळवा ही काय पाहायची गोष्ट आहे?

नळगंगेच्या काठच्या कोणत्याही गावात घडतं ते असं. माणूस संध्याकाळी शेतातून येतो, ओसरीवर टेकतो. बायकोला फरशीवर रक्ताचे ठसे दिसतात. पाय उलटा करून पाहावा तर तळव्यात पऱ्हाटीच्या धसकटाचा तुकडा रुतलेला, कोण जाणे कधीपासून. "मले काईच दुखत नाई ना," तो म्हणतो, आणि सगळं घर निवांत होतं. खरं तर घाबरायला हवं होतं ते तिथंच. वर्षानुवर्षं रक्तात साखर चढती राहिली की पायाच्या नसा मरत जातात. वेदना म्हणजे शरीराचा जागल्या. जागल्याच उठून गेला तर खळ्यात कोण शिरलं ते कळायचं कसं? त्यात रक्तवाहिन्या अरुंद होतात, जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. मग कुणी हळद भरतं, कुणी तंबाखू दाबायला सांगतं, कुणी राख. पाणी लागलं की चिघळेल म्हणून आठ-आठ दिवस जखम धुतलीच जात नाही. दुखत नसल्यामुळं माणूस त्याच पायावर रोज शेतात जातो. राजूर घाट चढून बुलढाण्याला, नाहीतर पुढं अकोल्याला पोचेपर्यंत अंगठा काळा पडलेला असतो. तिथं मग बोलणं होतं ते कुठपर्यंत कापायचं याचं.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मधुमेह झालेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांच्या पायाला आयुष्यात कधीतरी जखम होते, असा जगभरच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा रोग आहे ही समजूत आता चावडीवरसुद्धा कुणी बोलून दाखवू नये.

हल्ली या कहाणीत एक नवं पात्र आलं आहे. पुण्या-मुंबईला असलेला मुलगा फोनवर सांगतो, "आता औषध सोडणाऱ्या पट्ट्या निघाल्यात. एक चिकटवली की आतून औषध झिरपत राहतं." गोष्ट खरी आहे, आणि तिच्यामागचं शास्त्रही समजून घेण्यासारखं आहे. आपली नेहमीची पट्टी म्हणजे गॉज, आपल्याच काळ्या मातीतल्या कापसाची जाळी. ती ओल शोषते, वाळते, जखमेला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढताना नवं आलेलं मांसही सोबत घेऊन जाते. जखम उघडी, कोरडी ठेवली की खपली धरून लवकर भरते, असं डॉक्टरही मानत होते. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं चढते. तिथून पुढं समुद्री शेवाळापासून, खेकडा-कोळंबीच्या कवचापासून, कोलॅजनपासून पट्ट्या तयार होऊ लागल्या. त्यांच्यात चांदी, आयोडीन किंवा पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं भरायची आणि ती काही दिवस हळूहळू सुटत राहतील असं करायचं. हळूहळू सोडण्यालाही कारण आहे. जुनाट जखमेत काही विकरं (एन्झाइम) माजलेली असतात, आणि वरून घातलेली प्रथिनं ती खाऊन टाकतात. एकदम ओतलेलं औषध वाया जातं, थेंबाथेंबानं दिलेलं थोडंफार टिकतं. पाटाचं पाणी आणि ठिबक यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

मात्र फळ किती, तेही ऐकावं. युरोपातल्या पाच देशांत २४० रुग्णांवर झालेल्या एका नावाजलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली आला. गंमत अशी की त्या पट्टीतला पदार्थ साखरेपासूनच बनवलेला, सुक्रोज ऑक्टासल्फेट नावाचा. त्या माजलेल्या विकरांना तो आवर घालतो. वीस आठवड्यांनी ही पट्टी लावलेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची जखम भरली, तशाच पण त्या पदार्थाविना असलेल्या पट्टीत ३० टक्के. फरक मोठाच आहे. पण नव्या पट्टीतसुद्धा निम्म्याहून अधिक जखमा पाच महिन्यांत भरल्या नव्हत्या, आणि दोन्ही गटांना बाकीची सगळी निगा नीट मिळत होती: जखमेची सफाई, आणि पायावरचा भार काढणं. चांदीच्या पट्ट्यांचं तर आणखी सांगायला हवं. केवळ जखम लवकर भरावी म्हणून त्या वापरू नयेत, असं मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचं सांगणं आहे. आणि आमच्याकडे औषधाच्या दुकानातली सगळ्यात महागडी पट्टी बहुतेक वेळा हीच असते!

स्वस्तातला मार्ग आपल्याकडं कुणी शोधलाच नाही असंही नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी वापरली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष मांडले. त्याआधी मुंबईतच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालीची पट्टी करून पाहिली होती. पान जखमेला चिकटत नाही, काढताना जीव जात नाही. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात केळीला काय तोटा? पण हे वाचून कुणी अंगणातलं पान तोडून बापाच्या तळव्याला बांधू नये. ते पान रुग्णालयात निर्जंतुक केलेलं होतं आणि जखमा भाजल्याच्या होत्या. अर्धी बातमी ऐकून केलेला उपचार राखेइतकाच घातकी.

माझं म्हणणं साधं आहे. पट्टी कोणतीही असो, तिच्यावर उभं राहून माणूस दिवसभर डवरणी करणार असेल तर तो भरणारी जखम रोज फोडतो आहे. हे ज्ञान नवं नाही, आणि ते मधुमेहातून आलेलंही नाही. ते महारोगातून आलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवलं की कुष्ठरोग्याची बोटं रोगानं झडत नाहीत, बधिर हातापायांना कळ न येता रोज होणाऱ्या इजांनी झडतात. त्यातूनच मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या, एमसीआरच्या चपला आल्या. तेच ज्ञान पुढं मधुमेहाच्या पायाला लागू झालं. आज बधिर पायाच्या कुष्ठरोग्याला सरकारी कार्यक्रमातून ही चप्पल फुकट मिळते, आणि ते योग्यच आहे. मग मधुमेहानं तितक्याच बधिर झालेल्या पायाला ती का मिळू नये? पायाला कोणत्या रोगानं बधिर केलं हे चपलेला कळत नाही, सरकारी नोंदवहीला मात्र कळतं.

अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी महारोग्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, तेव्हा हे पाप आहे, गेल्या जन्मीचं फळ आहे, असं भोवतालचा समाज म्हणत होता. आज मधुमेहाच्या जखमेला वास येऊ लागला की घरातल्या आजीचं ताट निराळं होतं, खाट मागच्या पडवीत जाते. विटाळ गेला म्हणता म्हणता मागच्या दारानं परत आला. तिची जखम सापडतेही उशिरा, कारण सगळ्यांच्या नंतर जेवणारी बाई स्वतःचा पायही सगळ्यांच्या नंतर पाहते.

आता एक जरा अप्रिय. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावची वाट अनवाणी धरणाऱ्यांत कित्येक साखरेचे रोगी असतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण तापलेल्या डांबरावर ज्याच्या तळव्याला चटका कळत नाही, त्याची वाट कसोटीची राहत नाही. तो न कळता भाजतो आहे. नवस बोलून झाला असेल तर चप्पल घालून फेडावा.

२०२५ च्या जानेवारीत याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. कॅमेरे आले, आयुर्विज्ञान परिषदेचं पथक आलं. यायलाच हवं होतं. पण केस पुन्हा येतात. गुडघ्याखाली कापलेला पाय येत नाही, आणि त्याच्यासाठी गावात कुणाचीही गाडी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. मी पाहिलेल्या साखर-तपासणीच्या शिबिरांत बोटातून थेंब घेतात, रक्तदाब मोजतात, चिठ्ठी देतात. "चप्पल काढा" असं कुणी म्हणत नाही. खरं तर काम सोपं आहे: रोग्याला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना आपल्या बोटाच्या टोकानं हलकेच शिवायचं आणि कुठं शिवलं ते विचारायचं. या तपासणीला यंत्र लागत नाही, मिनिटभरसुद्धा लागत नाही. आशाताईला ती एका दुपारी शिकवता येईल.

तोवर घरात करण्याजोगं एक आहे. दाढीचा आरसा फरशीवर ठेवायचा, त्यावर पाय धरायचा, रोज, दिवा लागायच्या आत. ज्यांना वाकवत नाही त्यांचे तळवे सुनेनं किंवा नातवानं पाहायचे. टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतली ओल, अंगठ्याखालचा घट्टा. घट्ट्याला ब्लेड लावायचं नाही. त्याखाली लाल किंवा काळसर दिसलं तर दुसऱ्या दिवशी शेत राहू द्यायचं आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं दवाखाना गाठायचा.