‘होय’ आणि ‘खरं’

शास्त्रभाग : मत्तय ५:३३-३७



बेळगाव-खानापूरकडच्या बोलीत ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थाने सर्रास येतो. ‘उपासनेला येणार होतो, खरं पाहुणे आले’, असे तिकडचा मनुष्य सहज म्हणतो. ती त्या भागाची भाषाच आहे. इंदूर-बडोद्याच्या वाचकांनी तिला हसू नये. मी तेथे नवा पाळक म्हणून गेलो तेव्हा मात्र मला नवल वाटे, की ही माणसे प्रत्येक सबबीच्या आधी ‘खरं’ का म्हणतात?

पुढे मी स्वतःच्याच बोलण्याकडे कान देऊ लागलो. ‘देवाशपथ’, ‘अगदी खरं सांगतो’, ‘नक्की म्हणजे नक्की’ हे शब्द वाण्याशी बोलताना, मुलांना समजावताना, मंडळीच्या कमिटीत, दिवसातून कितीदा तरी येतात. ज्या वाक्याला एवढे टेकू लावावे लागतात, ते मुळात किती पक्के असणार?

प्रभूच्या काळीही हेच चालले होते. कोणी स्वर्गाची, कोणी यरुशलेमेची, कोणी आपल्या मस्तकाची शपथ वाही. त्यातही पोटभेद होते! मंदिराची शपथ घेतली तर ती मोडली तरी चालेल. मंदिरातल्या सोन्याची घेतली तर मात्र मनुष्य बांधला गेला (मत्तय २३:१६). चतुर लोक कोणती शपथ घ्यावी हे आधीच ठरवून येत असतील. प्रभूने तो सारा बाजारच उठविला. होकार हा नुसता होकार असावा आणि नकार हा नकार, इतकेच त्याने आपल्याकडे मागितले.

आपण ख्रिस्ती लोक शपथा कमी घेत असू; पण आपलीही काही ठरलेली वाक्ये आहेत. ‘आमेन’ हा इब्री शब्द पक्के, खरे अशा अर्थाचा. तो आपण पुष्कळदा प्रार्थना नीट न ऐकताच म्हणतो. आणि ‘प्रार्थनेत तुमची आठवण करीन’ हे वाक्य तर आपण निरोप घेताना ‘येतो हं’ म्हणावे तसे म्हणतो. द्राक्षमळ्यात जातो म्हणून न गेलेला मुलगाही (मत्तय २१:३०) बापाशी किती अदबीने बोलला होता!

मंडळीतल्या एक वृद्ध बाई इस्पितळात होत्या. त्यांना भेटून निघताना मी म्हणालो, “आजी, रोज तुमच्यासाठी प्रार्थना करीन.” पाच-सहा दिवसांनी पुन्हा गेलो. त्या उठून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “पाळकसाहेब, गुरुवारी रात्री लई त्रास झाला बघा. खरं तुम्ही तिकडं माझं नाव घेत असशीला, म्हणून निवांत पडून राहिले.”

गुरुवारी रात्री मी एका लग्नाच्या जेवणाला होतो. त्या पाच-सहा दिवसांत त्यांचे नाव माझ्या तोंडी एकदाही आले नव्हते. मी म्हणालो, “होय आजी.”

सायकलवरून घरी येईतो तो ‘होय’ मला टोचत राहिला. रात्री जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ होताच मी परत गेलो आणि त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. राग आला असेल, किंवा त्या गुरुवारच्या रात्रीचा आधार मी काढून घेतला असे वाटले असेल. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

“ते राहू दे. खरं आता आलायसा नव्हं? मग आता करा की.”

त्या खाटेशेजारी मी जी प्रार्थना केली तिच्यात एकही ठरलेले वाक्य मला आठवले नाही. तेव्हापासून कोणी प्रार्थनेची विनंती केली, तर मी ‘करीन’ म्हणत नाही. रस्ता असो की बसस्टँड, तेथेच उभ्या उभ्या दोन शब्द बोलतो आणि मगच पुढे जातो.